अपेक्षित बदल : नाही

फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं गेली अकरा वर्षं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आले आहे. शारजात, रोल्लाच्या एका मागच्या गल्लीत मी टायपिंग सेंटरमध्ये काम करते. इकडे सरकारी कामासाठी माणूस थेट कचेरीत जात नाही, आधी टायपिंग सेंटरला येतो. बायकोचा व्हिसा, मुलांची कार्डं, घराचा भाडेकरार, काहीही असो, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून लोक माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात. आता बरंचसं मोबाइलवर होतं, तरीही येतात. स्वतःच्या बोटाने चूक झाली तर काय, ही भीती त्यांना असते. मी विचारते, भरते, छापून हातात देते आणि म्हणते, "खलास, हो गया." त्यांचा चेहरा सुटतो. तो चेहरा बघायची मला चटक लागली होती.

या कामात एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात शिकले. पगाराचा रकाना आला की आकडा जितका मोठा तितकं काम सोपं. ठरावीक पगार नसेल तर बायकोमुलांना आणता येत नाही. घर भाड्याने घ्यायचं तरी मालकाला पगाराचा दाखला लागतो, बँकेलाही लागतो. म्हणून लोक कंपनीच्या हातापाया पडून दाखल्यात ओव्हरटाइम, जेवणाचा भत्ता, बसभाडं, सगळं एकत्र करून आणतात. "मॅडम, ये भी जोड दो ना," म्हणतात, आणि मी जोडते. खोटं नसतं त्यात, मिळालेलंच असतं. पण अकरा वर्षांत एकही माणूस "पगार कमी लिहा" म्हणून माझ्याकडे आलेला नाही.

हे सगळं मी स्वतःची बाजू मांडायला सांगते आहे, हे मला कळतं. ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

आम्हाला एकच मुलगी. जन्म इथला, शाळा इथली. मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. लहानपणापासून तिला दगडांचं वेड. इतर मुली रास अल खैमाच्या डोंगरात फोटो काढायच्या, ही बुटाच्या टोकाने माती उकरत बसायची. घरी आणलेल्या प्रत्येक दगडाला चिकटपट्टी, त्यावर तारीख. मी चिडून एकदा अर्धी बादली दगड खाली कचऱ्यात नेऊन टाकले होते, तर ही बया दहा मिनिटांत सगळे परत घेऊन आली. बारावीत गेल्यावर तिने जाहीर केलं की भूगर्भशास्त्र शिकायचं. इथली कॉलेजं आमच्या आवाक्याबाहेरची, आणि तिला हवं ते शिकवणारी नाहीतच. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिला अमेरिकेतलं एक लहानसं कॉलेज दाखवलं. थंड प्रदेशातलं, आजूबाजूला नुसते खडक. तिथे बाहेरच्या देशातल्या काही मुलांना घरची परिस्थिती बघून फीचे पैसे देतात, अगदी भरपूर देतात.

नियम मात्र कडक. बाहेरच्या मुलांनी मदत मागायची ती एकदाच, अर्जासोबत. तेव्हा जी रक्कम ठरेल ती चारही वर्षं तशीच राहणार. शिवाय लवकर अर्ज केला तर निवड होण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्ही ऑक्टोबरातच अर्ज करणार होतो. पण लवकर अर्ज करणाऱ्याने लिहून द्यायचं की निवड झाली तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन मी तुमच्याच कॉलेजात येईन. आणि ऑक्टोबरात वर्ष संपलेलं नसतं. त्यामुळे या वर्षीचं उत्पन्न अंदाजे लिहायचं, पुढच्या वर्षीचंही अंदाजे लिहायचं, आणि त्यात काही बदल अपेक्षित आहे का, हो की नाही, हो असेल तर खाली चौकटीत कारण द्यायचं.

एका रविवारी पोहे खाऊन आम्ही तिघं टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. नवरा दुबईत टाइल्स आणि नळ-बेसिन विकणाऱ्या कंपनीत सेल्समध्ये आहे. त्याचा जवळजवळ अर्धा पैसा कमिशनचा.

"या वर्षीचे महिना चौदा हजार दिरहम धर," तो मुलीला म्हणाला. "म्हणजे सव्वातीन लाख रुपये." रुपयांत सांगितलं की आम्ही आमच्याच घरात श्रीमंत होतो. "आणि पुढच्या वर्षीचे आठ."

"आठ?" मी विचारलं.

"जानेवारीपासून कमिशन बंद होणार. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं. अजून कागदावर काही नाही."

हे मला तो पोह्यांच्या बशीवर सांगत होता. मला राग आला, आणि घाबरले की मला रागच येतो. "कागदावर नाही ना? मग तू कशाला आणतोस कागदावर?"

"आई, दे आर आस्किंग," मुलगी म्हणाली. "एक्स्पेक्टेड चेंज. इट्स राइट हिअर."

"घरात असं वाईट बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

आमच्याकडे हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. बाहेर पडताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. घर ऐकत असतं. बोललेलं तेवढंच धोक्याचं, तर लिहिलेल्याचं काय?

नवरा हसला. "घर भाड्याचं आहे गं. तथास्तु म्हणायच्या आधी त्याला मालकाची परवानगी काढावी लागेल."

मुलगी खो खो हसली. मीही हसले. खरं सांगायचं तर त्या घरात आम्ही तिघं एकत्र असे हसलो त्याला आता बराच काळ झाला.

मुलीने चौकटीत चार ओळी लिहिल्या. तिचं इंग्रजी फार नेटकं आहे. वडिलांच्या उत्पन्नाचा मोठा भाग कमिशनचा आहे, कंपनीने ते जानेवारीपासून बंद करणार असल्याचं तोंडी कळवलं आहे, लेखी पत्र मिळताच आम्ही पाठवू, आणि तोवर हा आकडा आमच्या माहितीप्रमाणे खरा आहे, असं. तिने ते बाबाला वाचून दाखवलं. त्याने एक शब्द बदलायला सांगितला आणि म्हणाला, "बरोबर. एकही अक्षर खोटं नाही." तो तसाच आहे. ग्राहकालासुद्धा टाइलचा पोपडा कुठे उडेल ते आधी सांगतो, म्हणून त्याला बढती मिळत नाही असं माझं जुनं मत आहे.

पैशांच्या मदतीचा तो फॉर्म पालकाच्या खात्यातून जायचा होता. खातं माझ्या ईमेलवर काढलं होतं, कारण नवरा पासवर्ड विसरतो. पगाराचा दाखला आणि बँकेचे कागद स्कॅन करून जोडायचे राहिले होते, आणि स्कॅनर आमच्या दुकानात. "उद्या दुपारी करून पाठवून देते," मी म्हणाले.

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असतं. मालक घरी जेवायला गेला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं, डबा खाल्ला, कागद जोडले, आणि सवयीप्रमाणे पाठवण्याआधी पहिल्या पानापासून तपासायला घेतलं. नाव बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर, पत्ता बरोबर. मग ते पान आलं.

मी त्या चार ओळी तीन-चारदा वाचल्या. समोर एखादं गिऱ्हाईक असतं आणि त्याने हे लिहायला सांगितलं असतं तर मी त्याला काय म्हणाले असते ते मला अगदी ऐकू येत होतं. "भैया, ये क्यों लिखवा रहे हो? ये पढ के कौन पास करेगा?" नोकरीचा भरवसा नसलेल्या बापाच्या मुलीला कोण कशाला घेईल? विमानाच्या तिकिटाचेही पैसे नसतील यांच्याकडे, असं म्हणून बाजूला ठेवतील. पुढे अमेरिकेचा व्हिसा मागायचा तर तिथे हेच कागद उघडतील. आणि जे अजून घडलेलंच नाही ते आपण आपल्या हाताने लिहून द्यायचं? अंदाज म्हणजे अंदाज. मग तो वाईटच का करायचा?

आणखी एक गोष्ट होती, तीही लिहून टाकते. माझ्या नवऱ्याची पडती बाजू माझ्या मुलीच्या त्या सुरेख इंग्रजीत वाचताना मला लाज वाटली. कुठल्या कोण परक्या माणसाने कॉफी पिता पिता ते वाचावं, हे मला सहन होईना.

मी चौकट पुसली. 'हो' होतं तिथे 'नाही' केलं. आठाचे चौदा केले. मग वाटलं, पगार वर्षाला थोडा तरी वाढतोच, म्हणून पंधरा केले. खाली, दिलेली माहिती खरी आहे, अशी एक ओळ होती. तिच्यापुढे खूण केली, माझं नाव टाइप केलं आणि पाठवून दिलं. दुकानात कोणी नव्हतं तरी "खलास" असं मोठ्याने म्हणाले.

घरी गेल्यावर मुलीने विचारलं, "डन?"

"झालं," मी म्हणाले. तिने मला मिठी मारली आणि "थँक यू, आई" म्हणाली. मला खरोखरच वाटत होतं की मी तिचं काम सोपं केलं आहे. उद्या निवड झाली की सांगू, आणि तिघं हसू, असाही विचार करून ठेवला होता.

डिसेंबरात सकाळी शाळेला निघताना तिने मोबाइल उघडला आणि अशी किंचाळली की शेजारची मल्याळी बाई हातातलं उलथनं घेऊन दारात आली. निवड झाली होती! नवरा ऑफिसला निघता निघता परत आत आला, बूट घालूनच देवासमोर उभा राहिला. मी साखर वाटली. पाच मिनिटं आमच्या घरात नुसता आनंद होता. मग तिने दुसरा कागद उघडला. कॉलेज किती देणार आणि आम्ही किती भरायचे, त्याचा.

वर्षाला ब्याण्णव हजार दिरहम आमच्या वाट्याला. "एकवीस लाख," नवरा म्हणाला.

 रोज फॉर्म भरणाऱ्या बाईला त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यांदाच एक असा फॉर्म माझ्यापुढे आला होता ज्याला पगार कमी हवा होता, आणि मी त्याला ओव्हरटाइमही जोडून दिला होता.

"बट दे न्यू," मुलगी हळूच म्हणाली. "बाबाच्या कमिशनचं आपण लिहिलं होतं. दे न्यू, अँड दे स्टिल थिंक वी कॅन."

आणि नवऱ्याने ते उचलून धरलं. "मग त्यांचा काही हिशेब असेल बेटा. जगभरातली मुलं बघतात ती माणसं. कमिशन जाणार हे धरूनसुद्धा आपल्याला जमेल असं त्यांना दिसलं असेल. बदलापूरला घेऊन ठेवलेला फ्लॅट विकायला काढू. दोन वर्षांचं तर होईल, पुढचं पुढे."

माझ्या पुसलेल्या ओळींवर ती दोघं धीर धरत होती. मी समोर उभी होते. हातात साखरेची वाटी होती.

होकार कळवायला पंधरा दिवस होते. या पंधरा दिवसांबद्दल मला लिहायचं नाही, पण ते न लिहिता बाकी सगळं लिहिण्यात काय अर्थ आहे. ऑक्टोबरात मी मूर्खपणा केला. तो एकवेळ कोणी माफ करेल. पण डिसेंबरात मला सगळं कळलेलं होतं आणि मी मूग गिळून बसले. दुरुस्ती कशी कळवायची ते मी शोधून काढलं होतं. ते पान मी दुकानात तीनदा उघडलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बंद केलं. गिऱ्हाईक नसतं तरी बंद केलंच असतं. खोटी माहिती दिली म्हणून निवडच रद्द केली तर? आणि मुलीला काय सांगू? तिला मिठाई भरवून आठवडा झाला नव्हता. त्यातच नवऱ्याच्या लेबनानी मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "हबीबी, इन्शाल्ला, नथिंग विल चेंज." नवऱ्याने ते घरी येऊन सांगितलं, तर मी त्या एका वाक्याला लोंबकळले. बघा, मी म्हणतच होते, वाईट लिहायची गरजच नव्हती.

तिने होकार कळवला. कबूल केल्याप्रमाणे बाकीचे अर्ज मागे घेतले, एक कॅनडाचा आणि दोन भारतातले. भारतातल्या प्रवेश परीक्षेचे पैसे भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. "आता कशाला," ती म्हणाली, आणि ते पैसे आम्ही वाचवले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीची एका ओळीची ईमेल आली. कमिशन बंद. मॅनेजर सुट्टीवर गेला होता. बदलापूरच्या फ्लॅटला जी किंमत आली ती ऐकून नवरा फोनवरच हसला, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही. आठ हजारांत आणि माझ्या पगारात घरभाडं, गाडी आणि खाणं भागलं की काहीच उरणार नव्हतं.

फेब्रुवारीत मुलगी म्हणाली, "लेट्स राइट टू देम. त्यांना ऑलरेडी माहीत आहे हे होणार होतं. नाउ वी हॅव द लेटर."

"उगाच कशाला त्यांच्या डोळ्यांवर यायचं?" मी म्हणाले. "निघेल काहीतरी मार्ग."

"कसला मार्ग?" नवरा म्हणाला. "लिहू दे तिला. आपण काही लपवलेलं नाही."

तिने लिहिलं. ते पत्र मी वाचलं नाही, वाचायची हिंमत झाली नाही. उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत दुकानात मी एका माणसाच्या पासपोर्टचा नंबर चुकवला, एकीच्या मुलाची जन्मतारीख चुकवली. मालकाने विचारलं, "तबियत ठीक है ना?" मी त्याच्यावरच खेकसले.

उत्तर आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. माझी सुट्टी होती, नवरा कामावर. ती टेबलाशी बसून मोठ्याने वाचायला लागली. सुरुवातीची दोन वाक्यं गोड होती. तिसऱ्या वाक्याच्या मध्येच ती थांबली. मनातल्या मनात पुढचं वाचलं, मग परत मागे गेली. त्या वाक्यात काय होतं ते मला आज पाठ आहे. तुमच्या अर्जात येत्या वर्षी उत्पन्नात कोणताही बदल अपेक्षित नसल्याचं नमूद केलेलं आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांची ठरलेली रक्कम नंतर बदलता येत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अर्जाची प्रत उघडली, खाली खाली गेली, ते पान आलं. 'नाही' होतं. चौकट रिकामी होती. पंधरा हजार होते.

मला बोलायला वेळ होता. सिस्टमने केलं असेल, असं म्हणता आलं असतं. माझ्या खुर्चीसमोर रोज कोणी ना कोणी तसं म्हणतं. पण तिने एक शब्दही न विचारता माझ्याकडे मान वळवली, आणि मी म्हणाले, "मी केलं."

"व्हाय?"

मी सांगायला लागले. दुकानात कसं असतं ते सांगितलं, घरात वाईट लिहू नये ते सांगितलं, व्हिसाचं सांगितलं, तिच्या बाबाच्या इज्जतीचं सांगितलं. ऑक्टोबरात जे इतकं शहाणपणाचं वाटत होतं ते टेबलावर ठेवल्यावर एकेक करून मूर्खपणाचं दिसत गेलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग तिने एवढंच विचारलं, "डिसेंबरमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

तिने लॅपटॉप मिटला. "देअर वॉज अ फोन नंबर, आई," ती म्हणाली. "डिसेंबरच्या त्या लेटरवर खाली. आय वुड हॅव जस्ट कॉल्ड. मी फक्त फोन केला असता."

मी ओरडणारी बाई आहे. माझ्या घरात भांडण म्हणजे भांडीसुद्धा वाजतात. तिने ओरडावं, काहीतरी फेकावं, असं मला इतकं वाटत होतं की मीच म्हणाले, "अगं, बोल मला काहीतरी." ती उठून खोलीत गेली. दारही आपटलं नाही तिने, नीट लावून घेतलं. मी टेबलाशी बसून रडले. माझ्या पोरीचं वाटोळं मी केलं होतं, तेही तिचं भलं करायच्या नादात.

नवरा दुबईहून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून आला. दारातच विचारलं, "आलं का उत्तर?"

ती खोलीतून बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. "आलं. नाही म्हणाले. रक्कम बदलत नाही."

तो खुर्चीत बसला. मोजे काढता काढता थांबला. "पण आपण आधीच सांगितलं होतं ना? त्या चार ओळी होत्या ना? मी स्वतः ऐकल्या होत्या. ते वाचूनसुद्धा नाही म्हणाले?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ती आता बोलेल, आणि बोलावंच, असं मला वाटलं. तसं मला हवं होतं, आणि नकोही होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "सगळं सांगितलं होतं."

मार्चमध्ये तिने जागा सोडली. बाकी दारं आम्हीच बंद करून बसलो होतो. आता ती दुबईतल्या मरीना भागातल्या एका ऑफिसात रिसेप्शनला बसते आणि घरून बी.कॉम. करते. सकाळी बाबाच्या गाडीतून जाते, संध्याकाळी त्याच्याच गाडीतून येते. माझ्याशी नीट बोलते. भाजी काय करू, औषध घेतलंस का, सगळं विचारते. स्वतःचा कुठलाही कागद मात्र मला दाखवत नाही. तिचं कंपनीचं कार्ड करायला माझ्याच गल्लीतल्या दुसऱ्या टायपिंग सेंटरला गेली होती, ते मला तिथल्या बाईकडून कळलं.

नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसातला मित्र बायकोला घेऊन आमच्याकडे आला. त्यांची मुलगी आता बारावीत आहे, तिलाही बाहेर पाठवायचं आहे, आणि तोच फॉर्म भरायचा आहे. कमिशन तर त्याचंही गेलेलं, आणि आता पगारही कमी होणार अशी कुणकुण. माहिती विचारायला आले होते. मी चहा टाकला होता.

"एक सांगतो," माझा नवरा म्हणाला. "पगार कमी होणार वगैरे लिहूच नका. आम्ही अक्षर न् अक्षर खरं लिहिलं, आणि पोरीचं वर्ष गेलं. तिकडे खऱ्याला किंमत नाही. मस्त वाढवून लिहा, आहे काय नि नाही काय."

हे बोलणारा माणूस कोण, असं मला क्षणभर वाटलं. टाइलचा पोपडा आधी सांगणारा माझा नवरा असं बोलत नव्हता कधी.

मित्र माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तर रोज फॉर्म भरता. तुमचं काय म्हणणं?"

मुलगी कोपऱ्यात फोन बघत बसली होती. तिने मान वर केली.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात गाळणी होती. मी म्हणाले, "साखर किती घालू?"

"काका, सगळं लिहा," मुलगी म्हणाली. "होणार असेल तेही लिहा. ते वाचतात."

"आपलं कुठे वाचलं?" नवरा तिला म्हणाला.

 ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखी. मी चार कप भरले आणि ट्रे घेऊन बाहेर आले.